गुरांस लस टोचणें

रोहिण्या लागल्या म्हणजे आष्टी तालुक्यांतील कडा व भोंवतालच्या गांवांत शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात. हा अवर्षणाचा मुलूख. पीक हातीं लागलें नाहीं तरी गोठ्यांतील गाय घरची चूल पेटती ठेवते, आणि दारीं बैलजोडी असली म्हणजे ऊसतोडीच्या हंगामांत गाडीस काम मिळतें. अशा घरीं एक जनावर दगावणें म्हणजे सबंध वर्षाचा आधार तुटणें होय. असें असतां पेरणीपूर्वीच्या गडबडींत जें काम हटकून मागें पडतें, तें म्हणजे गुरांस लस टोचून घेणें.

लस म्हणजे औषध नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. रोगाचे जंतु मारून किंवा त्यांची शक्ति क्षीण करून लस तयार करतात. ती टोचली असतां शरीरास शत्रूची आगाऊ ओळख पटते व त्याच्याशीं झुंजण्याची तयारी आंतल्या आंत होऊं लागते. या तयारीस दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शेजारच्या गोठ्यांत जनावर पडल्यावर दवाखान्याकडे धांव घेणें हें बहुधा उशिराचें शहाणपण ठरतें.

पावसाळ्यांतील पहिला वैरी घटसर्प. यांत ताप एकाएकीं चढतो, गळ्याखालीं सूज येते, श्वास घरघरतो आणि जनावर एक-दोन दिवसांत जातें. दुसरा फऱ्या. हा विशेषेंकरून सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या धष्टपुष्ट तरुण गुरांस धरतो. फऱ्यावर किंवा मांडीवर सूज येते व ती दाबली असतां चरचर आवाज होतो. याचे जंतु बीजरूपानें जमिनींत वर्षानुवर्षें टिकून राहतात. या दोन्हीं रोगांची लस वर्षांतून एकदां, पाऊस पडण्यापूर्वीं टोचावयाची असते.

लाळ्या-खुरकूत मोठ्या गुरांत फारसा प्राण घेत नाहीं, परंतु कमाई घेतो. गाईचें दूध आटतें आणि बैल खुरांनीं अधू होतो. त्याची लस दर सहा महिन्यांनीं द्यावी लागते. वासरास पहिली मात्रा चवथ्या महिन्यांत व दुसरी त्यानंतर एका महिन्यानें. बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. कारखान्याच्या तळावर गांवोगांवचे बैल एकत्र येतात, एका हौदावर पाणी पितात. २०१९ च्या दुष्काळांत चारा-छावण्यांतहि गुरें अशींच दाटीनें बांधावीं लागलीं. दाटी झाली कीं साथीस वाट मोकळी होते. यास्तव गाडी जुंपण्यापूर्वीं निदान तीन आठवडे ही लस झालेली असावी.

लंपी हा त्वचारोग मात्र नवा. भारतांत तो २०१९ सालीं प्रथम दिसला आणि २०२२ सालीं महाराष्ट्रांत त्याची मोठी साथ आली. माशा, डांस व गोचीड यांच्यामुळें तो पसरतो. शेळ्यांच्या देवीची लस या रोगाविरुद्धहि उपयोगी पडते. तीच त्या वेळीं गुरांस सरसहा टोचण्यांत आली.

आतां जनावर धरण्याची रीति. अमेरिकेंत मांसासाठीं गुरें पाळणारीं कुटुंबें शेंकडों जनावरें मोकळ्या कुरणांत ठेवतात. टोचण्याच्या दिवशीं तीं हांकीत आणून एका अरुंद गल्लींतून एकामागून एक पुढें घेतात, व गल्लीच्या टोंकाशीं मान अडकविण्याची सोय असते. महाराष्ट्रांत २०१५ पासून गाईप्रमाणेंच बैल व वळू यांच्याहि कत्तलीस कायद्यानें बंदी आहे. येथील गोठा दुधाचा आणि कामाचा. पांच-सात गुरें, आणि प्रत्येकास घरच्या माणसाचा हात ओळखीचा. परंतु गुराचा स्वभाव दोन्हींकडे एकच. त्याला दोन्हीं बाजूंचें दूरवर दिसतें, मात्र पाठीमागचें अगदीं जवळचें दिसत नाहीं. मागून कोणी एकाएकीं आला, आरडाओरड झाली किंवा काठी उगारली, कीं तें बिथरतें. म्हणून खांद्याच्या बाजूनें, हळू बोलत जवळ जावें. सकाळच्या थंड वेळीं गुरें दावणीस बांधून ठेवावीं. मारक्या बैलास खोड्यांत घ्यावें. वेसण ओळखीच्या माणसानेंच धरावी. जनावर निवांत उभें राहिलें तर सुई वांकत नाहीं, मात्रा सांडत नाहीं व माणसासहि इजा होत नाहीं.

लशीचा प्राण थंडाव्यांत आहे. लाळ्या-खुरकुताची लस २ ते ८ अंश उष्णतामानांत राहिली पाहिजे. ती उन्हांत ठेवली तर वायां जाते, आणि गोठून बर्फ झाली तरीहि वायां जाते. म्हणून ती बर्फाच्या पेटींतून यावी व बाटली उघडल्यावर त्याच दिवशीं संपवावी. प्रत्येक जनावरास निराळी सुई वापरावी, नाहींतर एकाचा रोग दुसऱ्यास जाण्याचें भय असतें. आजारी किंवा ताप असलेल्या जनावरास तूर्त वगळावें. टोचल्यानंतर अर्धा तास गुरांवर नजर ठेवावी. क्वचित् एखाद्यास धाप लागते किंवा अंग सुजतें, तेव्हां डॉक्टर जवळ असलेले बरे. कानांतील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक व तारीख घरच्या वहींत लिहून ठेवावी.

टोचल्यानें दूध जातें, ही तक्रार गोठ्यागोठ्यांत ऐकूं येते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. दोन-चार दिवस दूध थोडें कमी होतें, क्वचित् कणकण येते किंवा मानेवर गांठ येते; पण हें सारें आपोआप ओसरतें. लाळ्या-खुरकुतानें बसलेली गाय मात्र त्या वेतांत पुन्हां पूर्वीसारखी दुधावर येईलच, असा भरंवसा नसतो. या दोन तोट्यांची तुलना ज्याची त्यानें करावी. गाभण गाईसंबंधीं मात्र डॉक्टरांस आधीं सांगणें अगत्याचें आहे.

लशीचें सामर्थ्य किती, याचा दाखला बुळकांडीनें दिला आहे. एके काळीं ही साथ आली म्हणजे गांवेंच्या गांवें बैलांवांचून राहत आणि शेतें पडीक पडत. गुरांच्या रोगांचा शोध घेण्यासाठीं पुण्यास १८८९ सालीं प्रयोगशाळा निघाली. पुढें १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. बुळकांडीवरील लशीचें मोठें काम तेथें झालें. भारतांत १९९५ नंतर हा रोग दिसला नाहीं, आणि २०११ सालीं तो जगांतूनच नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. आज कड्याच्या तरुण शेतकऱ्यास बुळकांडी केवळ नांवानें ठाऊक आहे. परंतु तें यश एका गोठ्याचें नव्हे. शेजाऱ्याचीं गुरें टोचावयाचीं राहिलीं तर साथीस गांवांत घर मिळतें. म्हणून लस टोचण्याच्या दिवशीं गांवांतील एकहि दावण मागें राहतां कामा नये.