बाळपणचे किरण आणि गळ्यांतील गांठ

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांतील एखाद्या मुलास मानेच्या गांठींचा हॉजकिन रोग जडला, म्हणजे आईबापांची वाट बहुधा ठरलेली असते. शहापूरकर आसनगांव स्थानकावरून आणि मुरबाडकर एस. टी. नें कल्याण गांठून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत पोंचतात. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयांतून पुष्कळ मुलें बरीं होऊन घरीं जातात. पंचाईत पुढेंच असते. मूल शाळेंत जाऊं लागलें कीं कागदांची पिशवी माळ्यावर जाते. मानेवर किरण दिले होते, ही गोष्ट कित्येकदां त्या मुलाला स्वतःलाहि ठाऊक नसते. मुलगी असेल तर ती सासरीं जाते आणि कागद माहेरींच राहतात.

वास्तविक ही गोष्ट जन्मभर लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कंठमण्याच्या खालीं फुलपांखराच्या आकाराची थायरॉईड ग्रंथि असते. लहान वयांत तिच्या पेशींची वाढ चाललेली असल्यामुळें किरणांचा आघात तिला फार बाधतो. विशीनंतर तोच आघात पुष्कळ कमी बाधक ठरतो. मुलींना धोका मुलांहून अधिक. परिणाम दिसावयास चार-पांच वर्षें तरी लागतात, आणि चाळीस वर्षें लोटलीं तरी धोका सरत नाहीं.

हें ज्ञान जगास फार महाग पडलें. टॉन्सिलसारख्या साध्या तक्रारींवर अमेरिकेंत एके काळीं मुलांच्या गळ्यावर क्ष-किरण सोडीत. त्याचा आणि या कर्करोगाचा संबंध असावा, ही शंका १९५० सालीं पुढें आली. पुढें १९८६ च्या एप्रिलांत चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तेथील किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलें, गाईच्या दुधांत उतरलें आणि दुधावाटें मुलांच्या थायरॉईडमध्यें जाऊन बसलें. कारण आयोडीन शोषून घेणें हें त्या ग्रंथीचें कामच आहे. त्या वेळीं अठरा वर्षांखालीं असलेल्यांत २००५ पर्यंत ६,००० हून अधिक कर्करोग आढळले. त्यांत मृत्यु मात्र १५ च झाले. वेळीं सांपडल्यास हा रोग किती आटोक्यांत येतो, हें यावरून दिसेल.

वेळीं सांपडावा कसा? गांठ सहसा दुखत नाहीं, म्हणून तिची वाट पाहून चालत नाहीं. आरशापुढें मान किंचित् उंच करून पाण्याचा घोट घ्यावा. घोटाबरोबर वर सरकणारा फुगवटा बहुधा थायरॉईडचा असतो. ज्याच्या मानेवर बाळपणीं किरण पडले त्यानें वर्षांतून एकदां डॉक्टरांकडून गळा चांचपून घ्यावा. मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयांत किंवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत होण्याजोगें हें काम आहे. शंका आल्यास सोनोग्राफी आणि बारीक सुईनें पेशी काढून तपासणी. रक्ताचा अहवाल निर्दोष आला म्हणून गांठ निर्दोष ठरत नाहीं, याविषयीं मोठा गैरसमज आहे. उलट, बहुतेक गांठी साध्याच निघतात. दक्षिण कोरियांत सरसकट निरोग्यांची सोनोग्राफी झाली; २०११ पर्यंत रोगाचे आंकडे १९९३ च्या पंधरापट झाले, पण मृत्युसंख्या जागची हलली नाहीं. छातीचा एखादा फोटो निघाला म्हणून तर कोणीं घाबरूं नये. त्यांतील किरण उपचारांतील किरणांच्या मानानें अगदींच अल्प.

रोग ठरलाच तर शस्त्रक्रिया, आणि जरूर तेव्हां मोजून दिलेलें किरणोत्सारी आयोडीन. १९६३ पासून परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्यें हें काम चालतें. टाटा रुग्णालयानेंहि बऱ्या झालेल्या मुलांच्या पुढील तपासणीची निराळी सोय १९९१ पासून ठेवली आहे. तेथें जातांना माळ्यावरची पिशवी बरोबर हवी. किरण कोणत्या सालीं दिले, शरीराच्या कोणत्या भागावर दिले आणि किती मात्रेनें दिले, हें त्या कागदांतच असतें.