बिनकागदाचा मदरबोर्ड

शाळेच्या अडगळीच्या खोलीत किंवा प्रयोगशाळेच्या माळ्यावर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक आपण पाहिला असेल. भंगारवाला तो वजनावर घेतो. पण प्रयोगशाळेतल्या कित्येक जुन्या उपकरणांची कार्डे त्या काळच्या लांब काळ्या खाचांतच बसतात. संगणक गेला की धडधाकट उपकरणही पडून राहते. म्हणून झाकण काढून आतली मुख्य पट्टी, म्हणजे मदरबोर्ड, एकदा नीट पाहावा.

पाहायला जावे तर त्यावर ना नाव, ना गाव! १९९० च्या सुमारास तैवानमधल्या अनेक लहान कारखान्यांनी असे ‘३८६’ जातीचे बोर्ड काढले. माहितीपुस्तिका केव्हाच रद्दीत गेलेली. मग याला जागे करायचे कसे?

पहिली गोष्ट, वीज जोडण्याची घाई नको. असा बोर्ड आपल्याजवळ एकच असतो. तो जळला की संपले. आधी कळफलकाच्या जोडणीजवळ पाहा. तिथे पिंपाच्या आकाराची छोटी बॅटरी दिसेल. निकेल-कॅडमियमचे तीन घट, मिळून ३.६ व्होल्ट. संगणक बंद असताना घड्याळ चालवणे आणि नोंदी जपणे हे तिचे काम. वर्षे लोटली की ती पाझरते आणि आसपासच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते ना, दिसायला तसेच. फरक इतकाच की ताक आंबट, आम्ल. आणि इथला पाझर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे अल्कली. विज्ञानाच्या शिक्षकांना पुढचे सांगायला नकोच. बॅटरी कापून काढा, मऊ ब्रशाने थोडा व्हिनेगर लावा, मग मोटारीच्या बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. एखादी रेष तुटली असेल तर मल्टिमीटरने शोधून बारीक तारेने सांधावी लागते. सारा वेळ इथेच जातो, आणि जाऊ द्यावा.

आता वीज. वीजपेटीतून सहा-सहा तारांचे दोन जोड येतात. ते शेजारी-शेजारी बसवताना काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटे बसले तर बोर्डाची धडगत नाही. त्याआधी लाल आणि काळ्या तारेच्या जागी मल्टिमीटर लावून पाहा. जवळजवळ शून्य ओहम दाखवले तर कुठेतरी सरळ जोड झालेला आहे. पिवळ्या तारेचीही हीच तपासणी करा. पुष्कळदा टँटॅलमचा एखादा कपॅसिटर गुन्हेगार निघतो.

इतके करूनही बोर्ड गप्प राहिला, तर त्याला कागद नाहीत म्हणून निराश होऊ नका. बोर्ड अनोळखी असला तरी त्यावरची माणसे ओळखीची आहेत! प्रत्येक चिपच्या पाठीवर तिचा क्रमांक असतो, आणि चिपची माहिती बहुधा मिळते. पत्र्याच्या लहान डबीवर ६६.६६७ असा आकडा दिसला तर मेंदूचा वेग त्याच्या निम्मा, ३३ मेगाहर्ट्झ, असे समजावे. ३८६ ला दुप्पट ठोके लागतात. जंपर कशासाठी आहे हे लिहिलेले नसते. पण त्याच्या खिळ्यापासून रेष कुठे जाते हे मल्टिमीटरने धरत गेले की बऱ्याच जंपरांचा उलगडा होतो. सापडेल तसे वहीत लिहा. हीच तुमची माहितीपुस्तिका.

एक चूक मीही केली. स्मृतीच्या दोनच पट्ट्या लावून दोन दिवस डोके खाजवत बसलो. प्रत्येक पट्टी एका वेळी ८ बिट देते, ३८६ डीएक्स मागतो ३२. म्हणजे चार पट्ट्या एकदम हव्यात. साधा भागाकार, पण सुचला नाही!

चित्राचे कार्ड मुद्दाम न लावता, फक्त कर्णा जोडून वीज द्या. अमेरिकन मेगाट्रेंड्सचा बायॉस असेल तर आठ वेळा पिपाणी वाजते. म्हणजे ‘मला पडदा सापडत नाही’, अशी तक्रार! तक्रार करतो आहे म्हणजे शुद्धीवर आला आहे. बायॉसच्या चिपवरचा कागद मात्र सोलू नका. त्याखाली बहुधा काचेची खिडकी असते आणि तिच्यातून अतिनील किरण गेले की आतला मजकूर पुसला जातो. शक्य तर त्या मजकुराची प्रत आधीच काढून ठेवा.

पडदा उजळला की तारीख बहुधा १ जानेवारी १९८० दिसेल. नवी बॅटरी लावताना ती तारेने बोर्डापासून दूर ठेवा. लिथियमचे नाणे-घट वापरणार असाल तर वाटेत एक डायोड घाला, कारण बोर्ड जुन्या सवयीने तिला भारित करायला जाईल, आणि ती फुटू शकते.