फीत, पत्र आणि पत्रकार-परिषद

वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांची कात्रणे जपून ठेवण्याचा छंद मला तरुणपणीच जडला, आणि भिलाईतील दीर्घ वास्तव्यात तो उणा न होता वाढतच गेला. पोलाद-कारखान्यामुळे भारताच्या बहुतेक सर्व प्रांतांतील माणूस या नगरीत येऊन वसला. घरोघरी बोलली जाणारी भाषा निराळी असली तरी सकाळी हाती पडणारे दैनिक बहुधा हिंदीच असते, आणि त्यातील गुन्ह्यांचे पान काही वर्षे नेमाने वाचले की असे ध्यानात येते, की त्या पानावरील भाषा वार्ताहराची नसून ठाण्यातील मोहर्रिराची, म्हणजे लेखनिकाची, आहे. 'मुखबिर की सूचना पर', 'घेराबंदी कर', 'मर्ग कायम कर जाँच में लिया' हे शब्दप्रयोग रोजनामच्यातून उचलून जसेच्या तसे छापले जातात. सोबतचे छायाचित्रही ठरलेले असते : मेजावर मांडलेला मुद्देमाल, त्यामागे तोंडाला फडके गुंडाळलेले आरोपी, आणि त्यांच्याही मागे गणवेशधारी अंमलदारांची रांग. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे या वार्तेत कोठेच नसते. ही वृत्ती किती खोलवर गेली आहे, आणि तिने प्रत्यक्ष माणसांचे काय केले, याचा माग काढीत गेलो तेव्हा माझ्या हाती तीन दस्तऐवज लागले. तिन्हींचा संबंध या परिसराशी आहे, आणि तिसऱ्याचा महाराष्ट्राशीही आहे.

पहिला दस्तऐवज म्हणजे एक ध्वनिफीत. शंकर गुहा नियोगी हे नाव जाणत्या मराठी वाचकाला अपरिचित नाही. भिलाईच्या कोक-भट्ट्यांवर काम केलेला, तेथून बडतर्फ झालेला, आणीबाणीत तुरुंग भोगून आलेला हा मनुष्य १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या लोहखाणींतील कंत्राटी मजुरांचा पुढारी झाला; १९८३ मध्ये त्या मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. १९९० पासून नियोगींनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कामगार संघटित करण्यास आरंभ केला, आणि तेथूनच संघर्ष विकोपास गेला. फेब्रुवारी १९९१ मध्ये जुन्या खटल्यांवरून त्यांना अटक झाली, पुढे तडीपारीची नोटीसही निघाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ते कामगारांसह दिल्लीस जाऊन राष्ट्रपतींना भेटून आले. २८ सप्टेंबरच्या पहाटे, हुडको वसाहतीतील घरात झोपले असता, उघड्या खिडकीतून त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली.

त्यांच्या मृत्यूनंतर जी लहानशी ध्वनिफीत मिळाली तीत त्यांनी स्वतःच्या आवाजात, संथपणे, आपली हत्या होण्याचा संभव असल्याचे आणि ती कोण घडवून आणतील याविषयीचा आपला तर्क नोंदवून ठेवला होता. दैनंदिनीतही तशाच आशयाच्या नोंदी होत्या. मृताचा शब्द ग्राह्य केव्हा धरावा याचा दंडक तेव्हा १८७२ च्या पुरावा-अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये घालून दिलेला होता, आणि तो कडक होता : विधान मृत्यूच्या कारणाविषयी, किंवा ज्या घटनाक्रमात मृत्यू ओढवला त्याविषयी असले पाहिजे. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये भाडोत्री मारेकरी पलटन मल्लाह यास देहान्ताची, आणि दोन उद्योजकांसह इतरांस जन्मठेपेची शिक्षा सुनावली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांस दोषमुक्त केले. आणि २० जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकट्या मल्लाहची सुटका रद्द करून त्यास जन्मठेप दिली आणि बाकीच्यांची सुटका मान्य केली. फीत असूनही कट सिद्ध झाला नाही. या निकालाने माझे मन आजही अस्वस्थ होते, तरी त्यामागील पद्धतीविषयी मला आदर आहे. कारण न्यायालयात शब्द तोलला जातो, मग तो मृत माणसाच्या स्वतःच्या कंठातून का आलेला असेना.

मधल्या घटना मी त्वरेने ओलांडतो. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाउस स्थानकाजवळ लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात सोळा कामगार मारले गेले. दुसरा दस्तऐवज २००८ सालचा. भिलाईचेच चित्रपटकार अजय टी. जी. यांना ५ मे रोजी छत्तीसगढ विशेष जनसुरक्षा अधिनियमाखाली अटक झाली. (याच धर्तीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमत केले, हे येथील वाचकाने विसरू नये.) पुरावा म्हणून पुढे करण्यात आले ते त्यांचे एक पत्र : २००४ च्या निवडणुकीच्या सुमारास बस्तरमध्ये सत्यशोधनासाठी गेले असता माओवाद्यांनी त्यांचा कॅमेरा काढून घेतला होता, आणि तो परत मिळावा अशी विनंती त्यांनी त्या पत्रात केली होती. स्वतःची वस्तू परत मागणारा कागद संगनमताचा पुरावा ठरविण्यात आला. नव्वद दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, आणि ऑगस्टमध्ये ते जामिनावर सुटले.

तिसरा कागद मात्र मला अनेक रात्री झोपू देत नाही. अर्थशास्त्रज्ञ कृष्णा भारद्वाज यांची कन्या सुधा यांनी कानपूरच्या आयआयटीत गणिताचे शिक्षण घेतले, अमेरिकेचे नागरिकत्व सोडले, आणि १९८६ च्या सुमारास त्या नियोगींच्या संघटनेत येऊन दाखल झाल्या. भिलाईच्या कामगारवस्तीत राहिल्या, कामगारांच्याच आग्रहावरून वकील झाल्या, आणि बिलासपूरच्या उच्च न्यायालयात मजुरांचे व आदिवासींचे खटले चालवू लागल्या. ४ जुलै २०१८ रोजी एका इंग्रजी वृत्तवाहिनीने एक पत्र त्यांनी माओवाद्यांस लिहिले असल्याचे जाहीर केले. त्यांनी त्याच सुमारास त्याचा साफ इन्कार केला. २८ ऑगस्टला पुणे पोलिसांनी त्यांना फरिदाबादेत अटक केली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना व इतर चौघा आरोपींना घरातच स्थानबद्ध ठेवण्याचा हुकूम दिला. आणि प्रकरण तेथे न्यायप्रविष्ट असताना, ३१ ऑगस्टला, महाराष्ट्र पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मुंबईत पत्रकार-परिषद बोलावून जप्त केल्याचे सांगितलेली पत्रे वाचून दाखविली. खटला प्रलंबित असताना पोलीस अशी परिषद घेऊच कशी शकतात, असा सवाल मुंबई उच्च न्यायालयाने ३ सप्टेंबरला केला. परंतु तोवर ती पत्रे घरोघरी पोहोचली होती.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २८ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. तो दिवस नियोगींचा स्मृतिदिन होता. दोघा न्यायमूर्तींनी विशेष तपास पथकाची मागणी फेटाळली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमतपत्र लिहिले, आणि मी ते सावकाश, ओळ न् ओळ वाचले, कारण त्यात मराठी माणसाला थबकविणारी एक नोंद आहे. अर्जदारांच्या वतीने असे मांडण्यात आले, की सुधा भारद्वाज यांच्या नावावरील त्या पत्रात सतरा ठिकाणी देवनागरीत लिहिलेले शब्द असे आहेत ज्यांची रूपे मराठीचीच आहेत. जिला मराठी येत नाही अशा व्यक्तीच्या लेखणीतून ती उतरणे संभवत नाही, तेव्हा कागद बनावट आहे. पत्रावर दिनांकही नव्हता. त्या पत्राच्या सत्यतेविषयी गंभीर वाद आहे असे न्यायमूर्तींनी नमूद केले, आणि पोलिसांनी प्रसारमाध्यमांचा वापर करून लोकमत कलुषित करावे यास तीव्र आक्षेप घेतला.

मी त्या सतरा रूपांची परीक्षा केलेली नाही, आणि ती करणे हे माझे काम नव्हे. खटला न्यायालयापुढे आहे. पण भिलाईत आयुष्य काढलेल्या मराठी माणसास हा मुद्दा कसा भिडतो ते सांगितले पाहिजे. आमच्या घरातील मुले शाळेत 'पुलिस' लिहितात आणि घरी 'पोलीस'. हा फरक आम्ही लेखणीच्या टोकावर बाळगतो, आणि एखादी चिठ्ठी दुर्गच्या माणसाने लिहिली की नागपूरच्या, हे पहिल्या दोन ओळींत ओळखतो. वृत्तसंस्थांमध्ये मराठी आणि हिंदी दोन्ही उत्तम जाणणारे उपसंपादक शेकड्यांनी आहेत. त्यांच्यापैकी एकालाही तो कागद हातात देऊन 'हे कोणाच्या हातचे दिसते?' एवढे विचारले गेले असते, तर निदान एक साशंक ओळ तरी वार्तेसोबत प्रसृत झाली असती. जे काम दुसऱ्या घटकेला व्हावयाचे, ते सर्वोच्च न्यायालयात वकिलाने करावे लागले. यास मी प्रमाद म्हणतो, आणि तो पोलिसांपेक्षा आम्हां लिहिणाऱ्यांचा अधिक आहे. पोलिसांनी आपली बाजू मांडली, आम्ही ती निकाल म्हणून छापली.

मुंबई उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी सुधा भारद्वाज यांना जामीन मंजूर केला, तो आरोपपत्रास मुदतवाढ देणाऱ्या पुण्याच्या न्यायालयास तसा अधिकार नव्हता या कारणास्तव. पत्राच्या खरेखोटेपणास त्यात स्पर्श झाला नाही. तीन वर्षांहून अधिक काळ त्यांनी कैदेत काढला होता. न्यायमूर्ती चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले, आणि १३ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांच्याच पीठाने पोलिसांनी माध्यमांस माहिती कशी द्यावी याची नियमावली करण्यास केंद्रीय गृहखात्यास फर्माविले.

पोलिसांसाठी नियमावली सरकार करील. वृत्तपत्राने आपली आपणच करावयाची आहे. संपादकांना माझी विनंती अशी, की पोलिसांच्या मेजावरून आलेला कोणताही कागद छापताना, तो कोठे सापडला, त्यावर दिनांक व स्वाक्षरी आहे काय, तो कोणत्या न्यायालयापुढे दाखल झाला आहे, आणि ज्याच्या नावे तो आहे त्याचे म्हणणे काय, ही माहिती त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावी. आणि ही माहिती मिळत नसेल तर तो कागद त्या दिवशी छापू नये.