बाळाला शेळीचे दूध द्यावे का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात. बी.ए.ला मराठी साहित्य घेतलेला, आयुष्यभर कविता लिहिलेला माझ्यासारखा माणूस लहान मुलांच्या दुधाविषयी बोलू लागला की ऐकणाऱ्याला ही म्हण आठवणारच. पण माझे हे बोलणे उंटावरून नाही. शेळ्या आमच्या दारात होत्या आणि चूक आमच्याच घरात झाली.

आमचे गाव धाराशिव जिल्ह्यात. जिल्ह्याचे नाव बदलले, पण तिथली शेळी अजून उस्मानाबादीच आहे. काळीभोर, लोंबत्या कानांची, पुष्कळदा जुळी करडे देणारी. दादीच्या अंगणात अशा दोन शेळ्या कायम असत. "बकरी का दूध पिलाव, बच्चा बकरी सरीखा कुदता," असे ती म्हणायची आणि आम्ही भावंडे खरोखरच कुदत होतो.

त्यामुळे माझी नात चार महिन्यांची असताना सून आजारी पडली आणि तिच्या अंगावरचे दूध आटले, तेव्हा शेळीच्या दुधाचे नाव पहिल्यांदा मीच काढले. निम्मे पाणी घालून ते सुरू झाले. पोट बिघडले नाही, रडणे थांबले, आम्ही खूश. आठव्या महिन्यात पोरीचे तळवे पांढरे दिसू लागले. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "गोरी होतेय हो नात." ती गोरी होत नव्हती, तिचे रक्त कमी होत होते. बालरोगतज्ज्ञांनी पापणी खाली ओढून पाहिली आणि पहिलाच प्रश्न केला, "आजोबा, हिला दूध कुठलं देता?"

शेळीच्या दुधात काही खोट आहे असे नव्हे. स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या आसपास, कॅल्शियम भरपूर. त्यातले स्निग्धाचे कण बारीक असतात आणि दही मऊ लागते, म्हणून पुष्कळांना ते हलके वाटते. आयुर्वेदानेही ते लघु सांगितले आहे, आणि त्याचे कारणही मोठे गमतीदार दिले आहे: शेळी कडू-तिखट पाला खाते, पाणी थोडे पिते आणि हिंडते फार. पण त्यात फोलिक आम्ल नावाचे जीवनसत्त्व फारच थोडे असते. गाईच्या दुधाच्या मानाने सुमारे पाचवा हिस्सा. बी-१२ हेही कमी. ही दोन नसली की शरीराला लाल पेशी नीट घडवता येत नाहीत. त्या आकाराने मोठ्या पण संख्येने थोड्या होतात. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या डॉक्टरांना शेळीच्या दुधावर वाढवलेल्या बाळांत हा आजार इतका दिसला, की त्याला 'शेळीच्या दुधाचा पंडुरोग' असेच नाव पडले.

याचे एक टोक आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई तिथे आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका अशाच पांढऱ्याफटक पडत होत्या. त्यांच्या आहाराचा अभ्यास करताना बाईंना आढळले, की यीस्टचा अर्क दिला की त्या सुधारतात. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९४१ मध्ये ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे केले गेले आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याला फोलिक हे नाव मिळाले. दिवसभर पाला ओरबाडणाऱ्या शेळीच्या दुधात नेमके पानाचेच जीवनसत्त्व नसावे, हे मला अजून नवलाचे वाटते.

आम्ही भावंडे मग कशी वाचलो? तर आम्ही आईच्या अंगावर वाढलो होतो. शेळीचे दूध आमच्या वाट्याला आले ते भाकरी, डाळ आणि भाजी खाऊ लागल्यावर. गांधीजींचेही तसेच. १९१८च्या आजारपणानंतर, गाई-म्हशीचे दूध न घेण्याच्या व्रतातून कस्तुरबांनी त्यांना शेळीच्या दुधाची वाट दाखवली, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. तिथे दूध जेवणाचा एक भाग होता. माझ्या नातीचे सगळे जेवण तेवढेच होते. त्यात आम्ही घातलेले पाणी, म्हणजे निम्मे पोषण गेले.

म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, त्यानंतर त्याच्या जोडीला मऊ अन्न. आईचे दूध नसेलच तर डॉक्टर सांगतील ते बाळांसाठी बनवलेले डब्याचे दूध. परदेशात शेळीच्या दुधाचेही असे डबे मिळतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये त्यातली प्रथिने बाळांना योग्य ठरवली, पण त्या डब्यात जीवनसत्त्वे मोजून घातलेली असतात. आपल्या पातेल्यातल्या दुधाला तो दाखला लावू नये.

आणखी एक समजूत म्हणजे गाईचे दूध सोसत नसेल तर शेळीचे द्यावे. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीचेही बाधते, कारण दोन्हींतली प्रथिने एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात इतकी सारखी आहेत. दुधातली साखरही थोडीशीच कमी. अंगावर पित्त उठणे, शौचातून रक्त जाणे असे काही असेल तर घरी प्रयोग करू नयेत.

वर्ष उलटल्यावर, मूल सगळे खाऊ लागले की शेळीचे दूध, दही, पनीर खुशाल द्यावे. दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच बरे, नाहीतर पोट दुधानेच भरते आणि लोह देणारे अन्न मागे राहते. मात्र धारोष्ण दुधाचा हट्ट नको. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर गवळी शेळ्या दारोदार नेऊन दूध काढून देत, आणि तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप धरी. त्याचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला, पण तो धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या दुधातून येतो हे थेमिस्टोक्लिस झामिट यांनी १९०५ मध्ये दाखवले. सैनिकांचे ते दूध बंद होताच ताप ओसरला. हा ताप, ब्रुसेलोसिस, आपल्याकडेही आहे. दूध उकळले की तो जंतू मरतो.

नातीला फोलिक आम्ल आणि बी-१२ सुरू झाले, लोहाचे थेंबही. दोन महिन्यांत तळव्यांवर रंग आला. आता ती तीन वर्षांची आहे. शेळीच्या दुधाचे दही भातावर घालून खाते, मेथी मात्र ताटाबाहेर काढून ठेवते. तिची आजी ती पुन्हा भाताखाली लपवते.