भरसमुद्रातला लेझर

क्रूझच्या वरच्या डेकवर रात्री धूर सोडतात, गाणं सुरू होतं आणि डोक्यावर हिरव्या रेषांचं जाळं विणलं जातं. खरं म्हणजे तिथे रेष एकही नसते, असतो फक्त एक ठिपका. नखाएवढे दोन आरसे त्याला सेकंदात 30,000 जागी नेऊन आणतात. आपल्या डोळ्यांना तो वेग पकडता येत नाही, म्हणून चित्र अखंड दिसतं.

आरसे फिरताहेत तोवर किरणाची ऊर्जा विखुरलेली असते. ते अडकले, की सगळी एकाच जागी. म्हणून चांगल्या यंत्रात आरशांवर पहारा ठेवणारं सर्किट असतं. आरसा थांबला, की काही मिलिसेकंदांत किरण बंद!

एवढी घाई का, ते डोळ्यात शिरल्यावर कळतं. अंधारात बाहुली सुमारे 7 मिलिमीटर उघडते. लेझरचे किरण जवळपास समांतर येतात, त्यामुळे नेत्रभिंग ते सगळे गोळा करून दृष्टिपटलावर 20 मायक्रॉनच्या ठिपक्यात आणून सोडतं. क्षेत्रफळाचा हिशोब मांडा, तीव्रता लाखपटीच्या वर जाते. उन्हात भिंगाने कागद जाळतात, तोच प्रकार. 1 मिलिवॉटचा किरण असेल तर पाव सेकंदात मिटणारी पापणी आपल्याला वाचवते. शोचे लेझर मात्र बहुधा वर्ग 4 चे, म्हणजे अर्ध्या वॉटच्या पुढचे. तिथे पापणी मिटेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. 2008 मध्ये रशियात किर्झाचजवळच्या एका खुल्या महोत्सवात पाऊस आला, वर छत ताणलं गेलं आणि आभाळात जायचे किरण गर्दीवर पडले. बऱ्याच जणांच्या दृष्टिपटलाला इजा झाली. गणेशोत्सवातल्या लेझरवर पुणे पोलिसांनी 2024 मध्ये बंदी घातली, तीही डोळ्यांच्याच काळजीने.

अमेरिकेत असा शो करायचा तर अन्न व औषध प्रशासनाची खास परवानगी लागते. (हो, लेझरही त्यांच्याच अखत्यारीत!) किरण प्रेक्षक उभे राहतात त्या जागेपासून 3 मीटर वर आणि बाजूने अडीच मीटर दूर हवा. जमिनीवर हे सोपं आहे. जहाजावर पूलच्या वर दुसरा डेक, त्याच्या कठड्याला टेकलेली माणसं, शिवाय चकचकीत काचा. आणि कायदा तरी कुणाचा? किनारी देशाची हद्द 12 सागरी मैलांपर्यंत. पुढे खुल्या समुद्रात झेंडा ज्या देशाचा, कायदा त्याचा. मायामीहून सुटलेल्या जहाजावर झेंडा बहामाचा किंवा पनामाचा असणं अगदी नेहमीचं.

आता किरण डेक सोडून पुढे गेला असं धरा. 5 वॉटचा, मीटरमागे 1 मिलिमीटर पसरणारा किरण 10 किलोमीटरवर 10 मीटर रुंद होतो. तिथे डोळा भाजत नाही. पण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 6 मायक्रोवॉट उरतातच, आणि अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने विमानतळाभोवतीच्या पट्ट्यासाठी आखलेली मर्यादा आहे 5. वैमानिकाचे डोळे दिपायला एवढं पुरतं. त्यात जहाज डोलतं. प्रेक्षक जहाजाबरोबरच कलतात, म्हणून त्यांना काही जाणवत नाही, पण अवघे 2 अंश कलल्यावर 5 किलोमीटरवर किरणाचं टोक पावणेदोनशे मीटर सरकतं.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो मात्र 1972 च्या आंतरराष्ट्रीय नौकानयन नियमांतला विसावा नियम. त्यात लेझरचं नावही नाही. सूर्यास्त ते सूर्योदय, जहाजाच्या ठरलेल्या दिव्यांशी गल्लत होईल किंवा टेहळणीत अडथळा येईल असा दुसरा दिवा लावायचा नाही, इतकंच तो सांगतो. आता ठरलेले दिवे कोणते? डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा. समोरून येणाऱ्या जहाजाला आपली दिशा कळते ती यांवरून, आणि शोवाल्यांचे आवडते रंगही नेमके हेच. हा नियम झेंडा पाहत नाही, 12 मैलांपाशी थांबत नाही, आणि तो पाळायला निरीक्षक जहाजावर चढावा लागत नाही. टेहळणीवरच्या अधिकाऱ्याने फोन उचलून 'बंद करा' म्हटलं, की गाणं अर्ध्यात असलं तरी शो थांबतो.