पिल्लाची मान वाकडी, म्हणजे मानमोडीच का?

"मानमोडी झाली त्याला. आता काही वाचत नाही, द्या फेकून." बदकाच्या पिल्लाची मान वाकडी झाली की सोनपेठ भागात हा निकाल ठरलेला. सांगणारा बहुधा वर्षानुवर्षे कोंबड्या पाळलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नाही आणि जिवंत पिल्लू उकिरड्यावर जाते. वाकडी मान हा रोग नाही, ते लक्षण आहे. एखाद्याच पिल्लाची मान वाकडी झाली असेल, तर आधी त्याच्या खाण्याकडे बघायला हवे.

मानमोडी म्हणजे राणीखेत. कोंबडीत या रोगाचा विषाणू मज्जासंस्थेवर हल्ला करतो. मान पिळवटते, पाय-पंख लुळे पडतात, हिरवट हगवण लागते, श्वासाला घरघर येते. जुन्या माणसांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे आणि कोंबडीपुरते ते खरेच आहे. चूक होते ती कोंबडीचा अनुभव बदकाला लावताना. बदकाला या विषाणूची लागण होते, पण ते सहसा आजारी पडत नाही.

मग मान का वाकते? पिल्लांना आपण काय घालतो ते आठवा. शेततळ्याच्या आधाराने चार बदके पाळणाऱ्या घरात पिल्लांसमोर बहुतेकदा रेशनचा पांढरा तांदूळ पडतो, कधी कण्या, कधी उरलेला भात. तांदूळ पॉलिश करताना कोंडा निघून जातो आणि त्याच्याबरोबर बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन जाते. काही आठवडे नुसत्या भातावर राहिलेले पिल्लू घोट्यांवर बसते, डोके मागे पाठीकडे ओढले जाते, चोच आभाळाकडे होते. लोकांना वाटते, साथ आली.

यात नवे काही नाही. 1890च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन या डच डॉक्टरच्या कोंबड्या पॉलिश केलेला तांदूळ खाऊन अशाच लुळ्या पडल्या आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाल्यावर सुधारल्या. या कामासाठी त्यांना 1929 साली नोबेल मिळाले. तरीही आपण सव्वाशे वर्षांनी पिल्लाला मानमोडी झाली म्हणतो! "आता रेशनचा तांदूळ पौष्टिक केलेला असतो," असेही कुणी म्हणेल. त्यात सक्तीने घालतात ते लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12. बी-1 त्या यादीत नाही.

थायमिन घटण्याच्या आणखी दोन वाटा आहेत. हगवणीत रक्त दिसले की दुकानातून अँप्रोलियम आणून पाण्यात टाकतात. कॉक्सिडियाच्या जंतूला थायमिन मिळू न देणे, हेच या औषधाचे काम. ते जास्त मात्रेत किंवा गरजेपेक्षा जास्त दिवस दिले तर पिल्लाचेही थायमिन तुटते. दुसरी वाट माशांची. कार्प कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या आतड्यांत थायमिन मोडणारे द्रव्य असते. बदकांना मासळीची घाण घालायचीच असेल तर शिजवून घाला.

या उणिवेवरचा उपाय साधा आहे. पशुवैद्यकाला वजन सांगून मात्रा ठरवून घ्या आणि बी-1 तोंडाने द्या. सुरुवातीला पिल्लू नीट खात नसते, त्यामुळे नुसते खाद्यात मिसळून भागत नाही. औषध चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडा, घशात ओतू नका, ते फुप्फुसात जाते. निदान बरोबर असेल तर काही तासांतच फरक दिसू लागतो. तोवर पिल्लाला वेगळे ठेवा, कपड्याच्या गुंडाळीचा आधार द्या आणि पाणी उथळ ठेवा. वाकड्या मानेचे पिल्लू वाटीभर पाण्यातही बुडून मरते.

मान वाकडी आहे पण बी-1 देऊनही काहीच फरक नाही, तर ई जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. खवट झालेले, महिनोन् महिने साठवलेले खाद्य हे तिचे नेहमीचे कारण. यात लहान मेंदूला इजा होते आणि ती फार झाली असेल तर पिल्लू पूर्ण बरे होत नाही. ई बरोबर येणारे सेलेनियम अंदाजाने देऊ नका. जास्त झाले तर ते विष आहे.

बुरशीबद्दल मात्र गप्प बसवत नाही. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, बुरशीचा मका, जुनी शेंगदाणा पेंड, "माणसाच्या कामाची नाही, बदकांना घाला" म्हणून पिल्लांपुढे येते. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की मेले, बदकाची हजारो पिल्लेही मेली आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाचे पिल्लू या विषाला इतके नाजूक, की पुढे प्रयोगशाळेत विष ओळखायला एक दिवसाची पिल्लेच वापरत. पिल्लू लडखडते, झटके येतात, मान मागे ताणली जाते. उतारा नाही. ते खाद्य त्याच दिवशी बंद करायचे, एवढेच हातात आहे.

मान वाकडी नसून दोरीसारखी लुळी पडली असेल, तर तो बॉट्युलिझम. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यात काही कुजले, त्यावर अळ्या पडल्या आणि त्या बदकाने खाल्ल्या की हे होते. पिल्लू तिथून हलवा, स्वच्छ पाणी द्या, कुजलेले काढून पुरून टाका.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. मान ओढून किंवा काडी बांधून सरळ होत नाही, उलट मणक्याला इजा होते. तेल चोळून जीवनसत्त्व मिळत नाही. उणिवेवर अँटिबायोटिक चालत नाही. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य बदकाला पुरते असेही नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1994च्या तक्त्यात बदकाच्या पिल्लाला किलोमागे 55 मिलिग्रॅम नायसिन सांगितले आहे, ब्रॉयलरच्या पिल्लाला 35. ते कमी पडले तर मान नाही, पाय वाकतात. आणि बदक आजारी दिसत नाही म्हणून कोंबड्यांची लस चुकवू नका, कारण राणीखेतचा विषाणू बदक वाहून नेऊ शकते.

आता उलट बाजूची चूक. एका दिवसात बरीच पिल्ले पडली, तर जीवनसत्त्वे देत बसू नका. तीन आठवड्यांच्या आतली पिल्ले मान मागे ताणून, पाय झाडत तासाभरात मरत असतील तर बदकांचा विषाणूजन्य यकृतदाह असू शकतो. मोठे पक्षीही मरत असतील तर बर्ड फ्लूचा संशय घ्यायलाच हवा. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच परभणी जिल्ह्यात मुरुंबा इथे शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, गोदावरीत, ओढ्यात किंवा शेततळ्यात टाकू नका, आजारी पक्षी बाजारात विकू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा किंवा 1962 वर फोन करा. संसर्गजन्य पशुरोगांच्या 2009च्या कायद्याने अशी खबर देणे पक्षी पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे.