शरीराचे पहारेकरी आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे नाव निघाले की घरातील बायका आवाज खाली करतात. जणू काही हा आजार नसून बदनामीच आहे! खरे पाहता तो जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांनी हा संबंध उघड केला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो. तो इतका सर्वत्र आहे आणि वर्षानुवर्षे इतका गुपचूप राहतो की त्यावरून बायकोच्या किंवा नवऱ्याच्या चारित्र्याबद्दल काहीही ठरवता येत नाही.

दिलाशाची गोष्ट अशी की बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत नाहीसा होतो. हे काम रक्तातील पांढऱ्या पेशींचे.

ओळख पटते कशी?

प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते. टी-पेशी फिरत फिरत ते तपासतात. एचपीव्हीची ई-६ आणि ई-७ ही प्रथिने पेशीची बेसुमार वाढ रोखणारी यंत्रणा मोडतात. पण ती परकी असल्यामुळे त्यांच्यावरूनच चोर ओळखू येतो. मग टी-पेशी त्या पेशीला चिकटते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिला छिद्रे पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम आत सोडते. रोगट पेशी मरते, शेजारची निरोगी पेशी बचावते. एखाद्या पेशीने हे तुकडे मांडणेच बंद केले, तर एनके नावाच्या दुसऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात.

तरीही कॅन्सर का होतो?

कारण काही पेशी पहारेकऱ्यांना चकवतात. काही पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून टी-पेशींना 'थांबा' असा इशारा देतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे हा इशारा निकामी करतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत रुग्णांच्याच गाठीतील टी-पेशी बाहेर वाढवून परत शरीरात सोडल्या गेल्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आजार पसरलेल्या ९ स्त्रियांपैकी तिघींच्या गाठी आकसल्या. त्यांतील दोघींच्या पूर्ण नाहीशा झाल्या. आशा मोठी आहे, पण हे उपचार महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत.

आपल्या हाती काय?

संसर्गापासून कॅन्सरपर्यंत सहसा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे जातात. ही मुदत वाया घालवू नये. लस विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवते, आत शिरलेल्याला काढत नाही. म्हणून ती ९ ते १४ वर्षांच्या वयात, लग्नाच्या कितीतरी आधी द्यायची असते.

मोठ्या स्त्रियांसाठी तपासणी आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून तपासणी केली. एवढ्या साध्या उपायाने या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

संबंधानंतर रक्त जाणे, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे अंगावर काढू नका. पुरुष डॉक्टरांचा संकोच वाटत असेल तर लेडी डॉक्टरकडे जा, पण जा. लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नका. अम्मी, सासूबाई, नणंद, भावजय यांनाही सोबत न्या.